उलटमास्तरांचं पोस्टर

छापखान्यात त्यांना सगळे उलटमास्तर म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. उलट अभिमानच होता.

शिळाप्रेसचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आधी थोडं सांगायला हवं. दगडाची एक जाड, गुळगुळीत लादी असते, तिला शिळा म्हणायचं. तिच्यावर तेलकट खडूनं जे काढाल ते कागदावर छापून निघतं, पण आरशात दिसावं तसं, डाव्याचं उजवं होऊन. म्हणून लिहिणाऱ्यानं मुळातच उलटं लिहायचं. मास्तर सव्वीस वर्षं उलटं लिहीत होते. खोकल्याच्या औषधाची लेबलं, बुटाच्या पॉलिशच्या डब्या, नाटकाच्या जाहिराती, लग्नपत्रिका, सगळं उलटं. हाताला इतकी सवय की एकदा सासूबाईंना घाईघाईत पत्र लिहिलं तेही उलटंच गेलं. सासूबाईंनी ते आरशासमोर धरून वाचलं आणि म्हणाल्या, "जावई हुशार आहे हो, पण त्याच्याशी भांडायचं तर आरसा घेऊन बसावं लागतं."

चित्राच्या बाबतीत मात्र ते हाताच्या सवयीवर विसंबत नसत. चित्र आधी पातळ कागदावर उतरवायचं, तो कागद पालथा घालायचा आणि त्यावरून शिळेवर घ्यायचं. नवशिक्यासारखं वाटलं तरी चालेल, पण हा नियम मोडायचा नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी तो एकदाच मोडला. तेवढं पुरलं.

खरं सांगायचं तर चित्रं काढायला मिळतच नसत फारशी. लेबलावरचं हसरं पोर आणि पॉलिशच्या डबीवरचा बूट, यापलीकडं त्यांच्या हातातली कला कुणी मागितली नव्हती. माणूस मनात स्वतःला कलावंत समजत असावा आणि हातानं आयुष्यभर बूट काढत असावा, यासारखी कुचंबणा दुसरी नाही. ही कुचंबणा त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण ती होती, आणि पुढं जे झालं त्याच्या मुळाशी तीच होती.

त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशात यादवी पेटली आणि तिकडं मदत पाठवायची बोलणी इकडं सुरू झाली. मशीनवाल्यानं विचारलं, "मास्तर, यादवी म्हणजे हो काय?"

"भावाभावांनी एकमेकांच्या उरावर बसायचं."

"हात्तिच्या! ते आमच्या घरी रोज चालतं. आम्हाला नाही कुणी मदत पाठवत!"

इकडं तिकडच्यांसाठी मदत समिती निघाली. दुधाचे डबे, औषधं, पांघरुणं जमवायची आणि बोटीनं तिकडं धाडायची. समितीचा चिटणीस हा एका शाळेतला शिक्षक, काटकुळा, चष्मा सारखा घसरणारा. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट किती सोपी झाली असती! तिकडच्या बातम्या वाचताना त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं आणि रविवारी तो स्वतः हातगाडी ओढत दारोदार पांघरुणं मागायचा.

त्यानं पहिलं पोस्टर करून घेतलं. आवळलेली मूठ, तुटलेली साखळी, मागं उगवता सूर्य. मास्तरांनी मूठ झकास काढली. पोस्टर भिंतींवर लागलं आणि मदत म्हणून आल्या सात घोंगड्या आणि एक फुटका कंदील.

"मास्तर," चिटणीस कपाळाला हात लावून म्हणाला, "मूठ बघून लोक स्वतःची मूठ आणखी आवळतायत. लोकांचा हात सुटला पाहिजे. काळीज हलेल असं काहीतरी द्या. एखादी आई द्या."

मास्तर संध्याकाळी घरी आले, कपाटाचा खालचा खण उघडला आणि तळाशी ठेवलेला एक कागद बाहेर काढला.

तो कागद म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या लेबलांचा, छपाई बिघडून फुकट गेलेला ताव. त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं त्यांची थोरली बहीण काढलेली होती.

ताई धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. वाफेचा नळ फुटून तिच्या डाव्या भुवईवर भाजल्याचा मोठा डाग पडला होता. दाजी कामासाठी म्हणून परगावी गेले ते गेलेच, ना पत्र ना पत्ता. पदरात एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी, दोन वर्षांचा असताना तो तापानं फणफणला तेव्हा ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली, आणि सोबतीला मास्तर गेले. दारात एक कारकून बसला होता. "नंबर आला की हाक मारू," एवढंच तो सकाळपासून म्हणत होता. ताई बाकावर बसली, मूल मांडीवर आडवं, आणि डोळे त्या दाराला लागलेले. मास्तर शेजारी. त्यांच्या खिशात पेन्सिल होती आणि घडी घातलेला तो ताव होता. हाताला काहीतरी चाळा हवा होता, असं ते पुढं स्वतःला सांगत. पण आपण कशाला खोटं बोलावं? त्यांना तो चेहरा दिसला. बहिणीचा नव्हे, चेहरा. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तसा चेहरा समोर आला आणि हात थांबेना. चित्र पुरं झालं. दुपारी हाक आली तेव्हा मूल गेलेलं होतं.

तो कागद त्यांनी ताईला कधी दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर लवकर कामावर आले. पातळ कागद घ्यायला हवा होता, पण तो मधे घातला की रेघ मरते, आणि ही रेघ त्यांना मरू द्यायची नव्हती. त्यांनी ताव समोर टाचला आणि थेट शिळेवर काढायला घेतलं. जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी मशीनवाल्यानं पहिला कागद उचलला, आणि त्या टवाळ माणसानं तो दोन्ही हातांनी जपून उजेडात धरला.

मास्तरांनी मात्र बघताक्षणी ओळखलं, काय चुकलंय ते. ताईचा डाग उजव्या भुवईवर आला होता! आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातून उलटं छापलं गेलं होतं. मग त्यांच्या मनात आलं की बरंच झालं, कुणी ओळखणार नाही. इथंच खरं तर शिळा पुसायची. पण नाही पुसली.

चिटणीस आला, बघत राहिला, चष्मा काढून पुसला. "मास्तर, हे... हे फार मोठं काम झालंय. फक्त दोन गोष्टी. ती वर बघतेय ना, तिथं कोपऱ्यात विमानं घाला. बॉम्ब टाकायला आलेली. आणि मूल फार आपल्यातलं वाटतंय हो. जरा तिकडचं करा. केस कुरळे, नाक थोडं सरळ, वयानंही थोडं मोठं."

मास्तरांनी दाराकडं लागलेल्या डोळ्यांसमोर चार विमानं घातली. भाच्याचा चेहरा पात्यानं खरवडला आणि तिथं तिकडचं एक मूल काढलं. पायाला हात लावला नाही. एका पायात लोकरीचा मोजा, दुसरा उघडा, ते तसंच राहिलं. खाली चिटणिसाची ओळ लिहिली: "हिचं मूल अजून वाचेल!"

आणि लोकांचा हात सुटला. विचारू नका! बायका रडत रडत दुधाचे डबे आणून देऊ लागल्या. ज्यांनी शेजाऱ्याला कधी विस्तव दिला नाही त्यांनी नवी कोरी पांघरुणं दिली. पोस्टर शाळांत लागलं, दुकानांत लागलं, धोबीखान्याच्या समोरच्या भिंतीवर लागलं. त्या दवाखान्यातसुद्धा लागलं, बरोबर त्या बाकाच्या वर, आणि लावलं कुणी? त्याच कारकुनानं, डोळे पुसत! ज्यानं खऱ्या बाईला सकाळपासून बसवून ठेवलं त्याला कागदावरच्या बाईला बघून रडू आलं. मास्तर कामावरून घरी जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जात, पोस्टरपुढं उभ्या राहिलेल्या माणसांच्या मागं थोडा वेळ उभे राहत, आणि मग मान खाली घालून निघत. सव्वीस वर्षं बूट काढणाऱ्याला ते सुख सोडवत नव्हतं.

पंधराएक दिवसांनी, भर दुपारी, ताई छापखान्यात आली. हात अजून धोबीखान्याच्या पाण्यानं पांढरे पडलेले.

"धाकट्या, जरा बाहेर ये."

ते बाहेर आले. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"धोबीखान्यातल्या बायका म्हणत होत्या, अगं, अगदी तुझ्यासारखी दिसते. मी म्हटलं असेल. मग काल जवळ जाऊन पाहिलं. मोजा माझ्या हातचा आहे. त्याची टाच मी चुकवली होती, दोनदा उसवून विणली. तू तीसुद्धा काढलीस. कधी काढलंस रे?"

"दवाखान्यात." मास्तरांना खोटं सुचलं नाही.

"मी रडत होते तेव्हा?"

"तू रडत नव्हतीस. दाराकडं बघत होतीस."

ती म्हणाली, "ते काढ."

"अगं काढलं म्हणून तर—"

"शब्दांचा खेळ करू नकोस. भिंतीवरून काढ म्हणतेय मी. माझ्या खिडकीसमोर आहे ते. दिवसभर इस्त्री फिरवायची आणि मान वर केली की वाचायचं, हिचं मूल अजून वाचेल. कसं वाचेल रे? मी पुरलंय त्याला!"

मास्तरांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणाले, "ताई, तिकडं खरंच पोरं मरतायत गं. या पोस्टरमुळं दूध जातंय."

"मरतायत ना? मग त्यांची काढ. त्यांच्या आया काढ."

"त्यांना मी पाहिलंय कुठं?"

"मला पाहिलंस म्हणून मी सापडले होय?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हे बघ, भांडायला आले नाही. दोन गोष्टी कर. निदान आमच्या समोरचं काढायला सांग. आणि दवाखान्यात काढलेला तो मूळ कागद मला दे. त्याचं तोंड असेल ना त्यावर, त्याचं स्वतःचं? पोस्टरवर दुसरंच कुणाचं तरी आहे. माझ्याकडं त्याचा फोटो नाही, धाकट्या. आताशा डोळे मिटले तरी नीट दिसत नाही तो."

"देईन. एवढं दुसऱ्या छपाईचं काम उरकू दे, रेघा बघायला लागतात. आणि चिटणिसाशी बोलतो."

काय खोटं! रेघा आता शिळेवर होत्या, कागदाची गरज काडीचीही नव्हती. पण तो कागद त्यांच्या आयुष्यातलं एकमेव चित्र होतं आणि तो हातातून जाऊ द्यायला मन घेईना. चिटणिसाशीही ते बोलले नाहीत. बोलायचं म्हणजे सांगावं लागलं असतं की आई इथलीच आहे, आणि मूल वाचलेलं नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करता करता महिना गेला. ताई दोनदा घरी येऊन कागदाचं विचारून गेली. दुसऱ्यांदा मास्तर घरात असून बायकोनं "बाहेर गेलेत" म्हणून सांगितलं.

मग एका सकाळी समितीकडून बोलावणं आलं. कचेरीत दुधाच्या डब्यांच्या राशी लागलेल्या आणि त्यांच्यामध्ये एका खुर्चीवर ताई बसलेली. धोबीखान्यासमोरचं पोस्टर फाडताना समितीच्या दोघांनी तिला धरलं होतं. फाटलेला कागद अजून तिच्या मुठीत होता.

"तुमच्या भगिनी आहेत म्हणे," चिटणीस हळूच म्हणाला. "आम्हाला वाटलं, समितीच्या विरोधकांनी पाठवलेली बाई. त्यांचा पेपर रोज लिहितोय की आमची पोस्टरं म्हणजे थापा. आणि या म्हणतात, हे चित्र माझं आहे. मूल माझं आहे, आणि ते गेलंय."

मास्तरांनी तिच्या मुठीतला कागद बघितला.

चिटणिसानं एक नवं पोस्टर उचललं आणि ताईच्या शेजारी धरलं. "चेहरा थोडा जुळतो. पण बाई, तुमचा डाग डाव्या भुवईवर आहे. हिचा उजव्या."

"ते छापताना उलटं होतं," ताई म्हणाली. "त्याला विचारा. त्याचा धंदाच तो."

सगळे मास्तरांकडं बघायला लागले. अशी उलटतपासणी कुणाच्या वाट्याला येऊ नये. चिटणीस त्यांना बाजूला घेऊन कुजबुजला, "मास्तर, परवा बोट सुटतेय. अकराशे डबे दूध. हे खरं असलं आणि उद्या त्यांच्या पेपरात आलं, तर लोक डबे परत मागतील, बोट सुटणार नाही. पण खोटं बोला असं मी म्हणणार नाही. जे असेल ते सांगा."

म्हणजे दोर मास्तरांच्याच हातात दिला की! मास्तरांनी अकराशे डब्यांचा विचार केला, हे खरं. तिकडच्या पोरांचाही केला. पण त्याच्याही आधी त्यांच्या मनात आलं ते रस्त्यातल्या त्या माणसांचं, जी पोस्टरपुढं टोपी काढून उभी राहायची. ती हसतील. म्हणतील, हॅ, बहिणीला बसवून काढलंय. आणि भिंतीवरचं ते सगळं एका दिवसात चिंध्या होऊन खाली येईल.

"साहेब," मास्तर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी उलटं काढतो म्हणूनच सुलटं छापलं जातं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक रेघ उलटी छापलेली नाही. कुणालाही विचारा. डाग उजवीकडं छापलाय म्हणजे तो उजवीकडंच होता. ही बाई मी मनानं काढली."

"आणि या?"

"मूल गेल्यापासून तिचं असं होतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

खोलीतला ताण सुटला. चिटणिसानं ताईला पाणी दिलं, आणि खऱ्या कळवळ्यानं म्हणाला, "बाई, तुमचं दुःख कळतं आम्हाला. म्हणूनच तर आम्ही हे काम करतो." एकानं तिला दुधाचा एक डबा देऊ केला. तो तिनं घेतला नाही. मुठीतला कागद टेबलावर ठेवला, उठली आणि मास्तरांसमोर येऊन थांबली.

"लोक तुला उलटमास्तर म्हणतात," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटायचं, हाताला म्हणतात."

आणि गेली.

मास्तर घरी आले. खणातला कागद बाहेर काढला. त्यावर डाग डावीकडं होता, खाली तारीख होती, आणि मुलाचा चेहरा मुलाचाच होता. चिटणीस घरी आला तर? पेपरवाला आला तर? ताईच कुणाला घेऊन आली तर? त्यांनी तो कागद शेगडीत घातला. कागद जुना, वाळलेला, लगेच पेटला. बायकोनं विचारलं, काय जाळलंत? म्हणाले, "फुकट गेलेली लेबलं." हेही अर्धं खरंच होतं म्हणा.

बोट सुटली. दूध तिकडं पोचलं की वाटेत बुडालं की भलत्यानंच प्यायलं, हे कधी कळलं नाही. ताईनं येणं बंद केलं. मास्तर रस्त्यात दिसले की ती रस्ता बदलत नसे. सरळ समोरून यायची, आणि कुणीच नसल्यासारखी निघून जायची.

वर्षभरानं यादवी संपली. ज्यांच्यासाठी दूध पाठवलं ते हरले. समितीची पाटी उतरली, चिटणीस पुन्हा शाळेत मुकाट शिकवायला लागला, आणि दोनच आठवड्यांत लोक असे विसरले की विचारता सोय नाही. ज्या भिंतींवर ताई होती तिथं साबणाच्या जाहिराती आल्या. छापखान्याच्या मालकांनी सांगितलं, "मास्तर, ती शिळा मोकळी करा आता. पॉलिशवाल्याचं काम आलंय. आणि उरलेली पोस्टरं लगद्याला गेली, ती जागाही मोकळी झाली."

मास्तरांनी शिळेवर वाळू आणि पाणी टाकलं आणि दुसरा दगड घेऊन घासायला बसले. आधी विमानं गेली, मग अक्षरं, मग ते दोघं. शिळा कोरी झाली तेव्हा त्यांना वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. वाटलं, आता ताईला तोंड दाखवता येईल. तडक तिच्या खोलीवर गेले. धोबीखान्याला त्या दिवशी सुट्टी असल्यानं ती घरी होती, टेबलाशी बसून बटणं लावत होती. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. ते आपणहून आत आले, ती पुन्हा बटणं लावायला बसली.

"पुसलं, ताई. शिळा घासून काढली. एक पोस्टर शिल्लक नाही कुठं. आता पुन्हा कधी छापलं जायचं नाही."

"तुझ्या मनानं पुसलंस?"

मास्तरांनी मान खाली घातली. "मालकांनी सांगितलं."

"हं." तिनं दोरा तोडला. "आणि माझा कागद?"

मास्तरांनी टेबलावरचं एक बटण उचलून परत ठेवलं.

"धाकट्या, कागद कुठाय?"

"जाळला. त्याच दिवशी."

ताईच्या हातातलं बटण खाली पडलं, ते घरंगळत कॉटखाली गेलं.

"मी काढ म्हटलं होतं रे," ती म्हणाली. "भिंतीवरून काढ म्हटलं होतं. पूस कुठं म्हटलं होतं मी? जाळ कुठं म्हटलं होतं?"

"ताई, मी पुन्हा काढून देतो."

"दे." तिनं टेबल मोकळं केलं. कागद ठेवला, पेन्सिल ठेवली. खुर्ची ओढून समोर बसली आणि दोन्ही हात गालांना लावले. "मी काही बोलत नाही. काढ."

मास्तर काढायला बसले. ताईचा चेहरा झरझर उतरला, या खेपेला डाग डावीकडं. मोजा उतरला, चुकलेल्या टाचेसकट. मग हात मुलाच्या चेहऱ्याशी आला. पोस्टरवर हजारो वेळा पाहिलेला चेहरा आपसूक खाली उतरला. मास्तरांनीच तो खोडला, पुन्हा काढला. पुन्हा तेच कुरळे केस, तेच सरळ नाक. तिसऱ्यांदा कागद खोडून खोडून मऊ पडला. त्यांनी डोळे मिटून दवाखान्यातलं ते बाक आठवून पाहिलं. बाक आठवलं, दार आठवलं, कारकुनाचा टाय आठवला.

शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि कागद तिच्याकडं सरकवला. तिनं तो उचलून खिडकीशी नेला, उजेडात धरून नीट पाहिला, आणि परत आणून त्यांच्यापुढं ठेवला.

"असेल तिकडच्या कुणाचा तरी," ती म्हणाली. "माझा नाही."